चोवीसची सायकल

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी उठायचे बाबा, आणि सगळ्यात शेवटी खायचेही बाबाच. ते एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करत. मुलुंड कॉलनीतले आणि त्याच्याही वर, डोंगराच्या अंगाला राहणारे म्हातारेकोतारे त्यांची वाट बघत दाराशी बसलेले असत, कारण सुई टोचून झाल्याशिवाय चहा नाही. सकाळचा चहा लांबलेला डायबेटिसवाला माणूस सख्ख्या भावालाही ओळख दाखवत नाही, असं बाबा म्हणायचे. म्हणून वेळ चुकवायची नाही हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता: समोरचा उपाशी असताना आपण खाऊन जायचं नाही. त्यामुळे लोकांचं फास्टिंग त्यांच्यापुरतं एका सकाळचं असे आणि बाबांचं वर्षभर. नमुने लॅबमध्ये पोचते करून ते घरी येत, तेव्हा आईने उकड्या तांदळाची पेज शिजवून झाकून ठेवलेली असे. सोबत खाराची मिरची, कधी भाजलेला सुका बांगडा. बाबा पेजेचा पहिला घोट घेऊन "हां" म्हणत. तो "हां" आला की आई शिलाई मशीन सुरू करायची. मला अजूनही कुठे उकड्या तांदळाचा वास आला की त्याच्यामागून मशीनची टकटक ऐकू येईल असं वाटतं.

आम्ही तळमजल्यावर राहत होतो, दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून आजोबांची खाट. आजोबा गिरणीत लूमखात्यात होते. गिरणी बंद झाली तेव्हा बाकीच्यांनी भांडून मिळेल ते घेतलं, मी मात्र कान तिथेच ठेवून आलो, असं ते सांगत. त्यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे ते बोलत ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू येई. घरातली कुठलीही गोष्ट त्यांना सांगणं म्हणजे नोटीसबोर्डावर लावणं. दिवसभर ते खिडकीतून जिना बघत बसत. जिन्याखाली मीटरच्या पेटीशेजारी बाबांची सायकल असे: काळी, उंच, चोवीसची, सळयांचे ब्रेक, मागे मोठा कॅरिअर. कॅरिअरवर नमुन्यांचा निळा डबा रबरी ट्यूबने आवळलेला. डब्यात बर्फाच्या पिशव्या असत आणि त्या खड्ड्यात आपटल्या की डब्ब असा आवाज होई. त्या आवाजावरून आईला कळायचं की बाबा गल्लीत वळले.

माझं तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष चाललं होतं. एकदा सकाळच्या प्रॅक्टिकलसाठी बसने निघाले होते. कॉलनीच्या चढाला बस अडकली आणि खिडकीतून मला बाबा दिसले. चढाच्या मध्यावर सायकल कडेला घेऊन उभे होते. एक हात सीटवर, एक छातीवर, मान खाली. मी हाक मारणार तेवढ्यात बस सुटली. दुपारी घरी आल्यावर मी आईला विचारलं, बाबा सकाळी वेळेवर आले का. "उशीर झाला जरा. चेन पडली म्हणाले," ती म्हणाली. बाबा तिथेच जेवायला बसले होते. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. चेन पडली की माणसाच्या हाताची काय दशा होते ते सायकलवाल्या घरात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. साबण लावा, रॉकेल लावा, नखांच्या कडेला काळी रेघ राहतेच. बाबांचे हात स्वच्छ होते.

त्यानंतर बाबांची चेन फार वेळा पडू लागली. शेवटी मी आईला स्वयंपाकघरात गाठून काय पाहिलं ते सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली.

"मला काय नवीन सांगतेस? दोन उशा घेऊन झोपतात हल्ली. एका उशीवर दम लागतो."

"मग विचारत का नाहीस?"

"विचारलं ना. म्हणाले, मी रोज लोकांच्या नळ्या भरतो, मला शिकवू नको." तिने पोळी तव्यावर टाकली. "आणि हे बघ, आजोबांना यातलं काही कळता कामा नये. ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ओरडून सांगतील. मग तर हे मुळीच ऐकायचे नाहीत."

आमच्या घरात असं होतं. बाबा रागीट नव्हते, पण त्यांना दुखतंय का असं विचारलं की ते अपमान झाल्यासारखे गप्प होत. इतकी वर्षं इतरांची दुखणी नळीत भरून लेबल लावून पोचवल्यावर आपण त्या रांगेत नाही असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि रात्री त्यांचा श्वास ऐकत जागी राहायचे तेव्हा भीती वाटायची. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे आणि गुडघा दुखला की मुलांपासून लपवते, तेव्हा त्या रागातला बराचसा उतरला आहे. सगळा नाही.

त्याच सुमारास लॅबच्या सुपरवायझरने सांगितलं की चढावरची घरं यापुढे स्कूटरवाल्या मुलांना देऊ, सावंतकाकांनी काउंटरला बसून नळ्यांवर स्टिकर लावावेत. बाबांना ते फार लागलं. चढावरची माणसं त्यांची होती. कुणाची शीर कुठल्या हाताची मिळते, कुणाला सुई बघवत नाही म्हणून तेवढ्यात गावाकडचं काही विचारायचं असतं, हे त्यांना पाठ होतं. स्कूटर घ्या म्हणावं तर तोही मार्ग बंद. तरुणपणी मित्राची स्कूटर चालवायला घेऊन ते बाजारातल्या कलिंगडांच्या ढिगात शिरले होते आणि तेव्हापासून ज्या वाहनाला स्वतःचं डोकं आहे त्यावर बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दोन दिवस पेज पिताना "हां" आला नाही.

हे सगळं मी दीक्षाला सांगितलं. दीक्षा मानखुर्दहून येई, माझ्याच वर्गात होती आणि बोलायला फटकळ. तिने ऐकून घेतलं, वडा संपवला आणि म्हणाली, "अगं मग रडतेस काय? सायकलला मोटर बसवू ना. आपण काय नुसत्या डायग्राम काढायला शिकतोय का? अडीचशे वॅटच्या आतली घेतली तर लायसनची पण भानगड नाही." तिच्या वस्तीतल्या कुणीतरी इडलीच्या सायकलला तशी बसवली होती आणि ती झकास चालत होती. माझ्या डोक्यात उजेड पडला तो तिथे, कॅन्टीनच्या बाकावर.

दीक्षाला मी घरी आणलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पेजेच्या वाडग्यातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे मोपेड."

"मोपेड नाही बाबा. सायकलच राहणार."

"मोटर ओढणार, मी वर बसणार. मग माझ्यात आणि त्या निळ्या डब्यात फरक काय?"

दीक्षा पुढे सरकली. "काका, दोन प्रकार असतात. एकात स्कूटरसारखा कान पिळायचा, की पळाली. ते तुम्हाला नको. दुसऱ्यात पॅडलपाशी सेन्सर असतो. तुम्ही पॅडल मारलं तरच मोटर चालते, तुम्ही थांबलात की ती पण थांबते. चालवणार तुम्हीच. ती नुसता तुमच्या पायांना हात लावणार."

"पायांना हात लावणार?"

"हो."

"म्हणजे पाया पडते म्हण की," बाबा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "पाया पडायला येत असेल तर येऊ दे बापडी."

मग सुरू झाला तो सुट्या भागांचा संसार. आज दुकानात जाऊन तयार इलेक्ट्रिक सायकल उचलून आणणाऱ्या माझ्या नातवंडांना यातलं काही कळायचं नाही. तेव्हा एकेक भाग निवडायचा म्हणजे मुलीसाठी स्थळ बघण्यासारखं होतं. एकीकडे जुळावं तर दुसरीकडे अडे. बॅटरीचंच घ्या. स्वस्तातल्या मिळत त्या इन्व्हर्टरमध्ये असतात तसल्या, शिशाच्या, आणि तीन जोडाव्या लागत. एक उचलून बघितली आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चढ चढायला मदत म्हणून आणलेली वस्तू बाबांनी आधी चढावर ओढत न्यायची, असा तो प्रकार झाला असता. म्हणून लिथियमची. आईची भिशी नेमकी लागली होती आणि तिने काही न विचारता ती माझ्या हातात दिली. बरं, घेतलेली बॅटरी ठेवायची कुठे? सगळे लोक मागच्या कॅरिअरवर ठेवतात, पण आमच्या कॅरिअरवर रक्त. ते थंड राहायला हवं आणि बॅटरी तापते. "खाली शेगडी आणि वर रक्त, मग रिपोर्ट काय येतील!" बाबा म्हणाले. तेव्हा ती पुढे, दांड्याखालच्या तिकोनात टांगायचं ठरलं. आईने जुन्या रेनकोटचं कापड दुहेरी घेऊन तिला पिशवी शिवली, आणि काय मनात आलं कोण जाणे, तोंडाला ब्लाउजला लावतात तसे हूक लावले.

ब्रेकची वेगळी कथा. ब्रेक दाबल्याबरोबर मोटर बंद झाली पाहिजे, नाहीतर माणूस थांबू बघतो आणि सायकल पुढे ओढते. त्यासाठी स्विच असलेल्या ब्रेकच्या मुठी मिळतात, पण त्या सगळ्या तारेच्या ब्रेकसाठी. बाबांचे ब्रेक सळयांचे आणि ते काढायला त्यांची ठाम ना. शेवटी दीक्षाने दरवाजाच्या अलार्मला असतो तो चुंबकाचा स्विच आणून सळीला बांधला. सळी हलली की चुंबक सरके आणि मोटर गप्प. मागच्या चाकाच्या आसाला एक लोखंडी पट्टी हवीच, असंही तिनेच लावून धरलं, कारण मोटर जोर लावते तेव्हा चाकाबरोबर आसही फिरू बघतो आणि खाचेतून निसटला तर चाकासकट माणूस रस्त्यावर. ती पट्टी बसवेपर्यंत तिने बाबांना सायकलला हात लावू दिला नाही.

मोटर मागवली मी, ऑनलाइन. चाकासकट येते ती, मोटर मधोमध तुंब्याच्या जागी. साइटवर विचारलं होतं: साइज? खाली पर्याय होते, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. मी क्षणभरही विचार केला नाही. आमची सायकल चोवीसची. घरात, गल्लीत, पंक्चरवाल्याकडे, जन्मापासून तेच ऐकलेलं. मी चोवीसवर बोट ठेवलं. खोकं आलं, सगळे जमले, आईने कात्रीने टेप कापली, आणि आतून एक चाक निघालं. ते बाबांच्या सायकलीला टेकवून उभं केलं तर तिच्या कडेवर बसवायला आणल्यासारखं दिसत होतं. आजोबा खाटेवरून वाकून बघत होते.

"ह्यां चाक कोणाच्या नातवाचां गो?" त्यांनी सगळ्या बिल्डिंगला विचारलं.

आपल्याकडे सायकल चोवीसची म्हणतात ती सांगाड्याच्या उंचीवरून. चाक बाविसाच्या सायकलीचं असो की चोविसाच्या, मोठं अठ्ठावीसचंच. हे मला त्या दिवशी कळलं, बाबांना आधीपासून माहीत होतं आणि साइटवाल्यांना आमच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि खोकला लवकर थांबेना. मग कुणीच हसलं नाही.

उपाय होता. बारकं चाक मोडून मोटर तेवढी काढायची आणि मोठ्या रिममध्ये बांधायची. पण मोटरीला तारा ओवायची भोकं छत्तीस आणि बाबांच्या मागच्या रिमला चाळीस. चार तारा कमी घालून चालेल का, असं मी दीक्षाला विचारलं, तर ती म्हणाली, "चालेल की. चढापर्यंत." मग घाटकोपरला सुट्या भागांच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "बत्तीस भोकाची बोला, चाळीस भोकाची बोला. छत्तीस कोण मागतं, बेन?" दीक्षा स्टुलावर बसली. "आम्ही मागतो. तुम्ही माळ्यावर बघा, आम्ही थांबतो." तो बराच वेळ इतर गिऱ्हाइकं करत राहिला, आम्ही बसून राहिलो, आणि शेवटी कंटाळून तो माळ्यावर चढला. धुळीने माखलेली, कधीकाळी परदेशी पाठवायच्या मालातली उरलेली एकुलती एक रिम घेऊन खाली आला. त्यानेच चाक बांधून दिलं, फिरताना डुलत होतं तो आउट काढून दिला, आणि आम्ही ते रिक्षात मांडीवर घेऊन मुलुंडला आणलं.

शनिवारी सगळं बसलं. बाबांनी गल्लीत एक फेरी मारली. पहिल्या पॅडलला काही नाही, दुसऱ्याला बारीक गुणगुण सुरू झाली आणि सायकल पुढे सरकली. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा फार थोड्या वेळा पाहिलं. आई दारात उभी होती. फेरी संपवून ते तिच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बघ. आता चढाचा प्रश्न मिटला. आता ती तपासणीबिपासणीची कटकट नको."

आई तशीच आत वळली. आत आल्यावर मला म्हणाली, "चढ कमी केलास तू. छातीचं काय करणार?"

ज्या एका गोष्टीने त्यांना कधीतरी डॉक्टरकडे ढकललं असतं तीच आम्ही त्यांच्या वाटेतून काढून टाकली होती. आता चेन पडणार नाही, दम दिसणार नाही, आणि आत जे काय चाललं असेल ते गुपचूप चालत राहील. पट्टी, स्विच, छत्तीस भोकं, सगळ्याचा विचार केला आणि मोटर वाहणार कुणाला तो विचारच राहिला. मी दीक्षाला फोन केला. "उद्या येते मी," एवढंच ती म्हणाली.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे नवीन काही आलं की आजोबा देवाला गाऱ्हाणं घालत. मिक्सर आला तेव्हा घातलं, माझ्या दहावीच्या आधी घातलं, पाण्याची टाकी साफ केली तेव्हासुद्धा. पुढ्यात नारळ ठेवायचा, सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं, आजोबा मालवणीत एकेक मागणं मोठ्याने मांडणार आणि प्रत्येक मागण्याला घरच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" तोंडाला इतकी सवय झालेली असते की आधी व्हय निघतं आणि मग कळतं कशाला व्हय म्हटलं ते. मी लहान असताना त्यांनी मिक्सरच्या गाऱ्हाण्यात मध्येच घुसवलं होतं, "आणि ही चेडू उद्यापास्ना रोज पाढे म्हणतली रे म्हाराजा," आणि मी तालात व्हय म्हणून बसले होते. देवापुढे कबूल केलेलं मोडता येत नाही. एकोणतिसाचा पाढा मला आजही येतो तो त्यामुळे.

रविवारी सकाळी सायकल जिन्याखालून बाहेर काढून अंगणात उभी केली. हँडलला झेंडूची माळ घातली. दीक्षा मुद्दाम मानखुर्दहून आली होती. ती आजोबांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आजोबा, मी हात नाही हं जोडणार. आमच्यात नसतं."

"तू सायकल धर," आजोबा म्हणाले. "ती पडली तर देव काय उचलूक येवचो नाय."

तिने हँडल धरलं. बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे. शेजारच्या नाईककाकू, वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे गॅलरीत. आजोबांनी काठी भिंतीला टेकवली आणि आवाज लावला. लूमखात्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचवायला कमावलेला तो आवाज.

"बा देवा म्हाराजा! गावच्या राखणदारा, कुळाच्या मूळपुरुषा! आज ह्या सायकलीक नवीन यंत्र बसयला हा, तां तू गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दोन चेडवांनी हात काळे करून तां बसयला, तेंच्या हातांक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दीक्षा मान खाली घालून हसली.

"माझो झील हेच्यार बसान रानामाळात, चढावाक, कुत्र्यामांजरात जातलो, तेका खय ठेच लागा देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आजोबा थांबले. नारळाकडे बघत होते.

"आणि म्हाराजा, हो माझो झील जिन्याखाली येता, सायकल लावता, आणि भिंतीक हात लावन उभो रवता. दम खाता. मगे त्वांड पुसता आणि हसत घरात येता. बापाक ऐकाक येना नाय, म्हणान बापाक दिसना पण नाय, असां तेका वाटता रे म्हाराजा!"

कुणी व्हय म्हटलं नाही. गॅलरीतलं कुणीतरी पुढे झुकलं. मी बाबांकडे बघायला घाबरत होते. आम्ही ज्या माणसापासून लपवत होतो तो रोज खिडकीत बसून सगळं बघत होता, आणि रोजच्या रोज आमच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होता. किती दिवस, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. एकटी.

"सगळ्या गावाचां रगत ह्यो तपासूक नेता. स्वताचां नाय. आता यंत्र इला म्हणान ह्यो आणीक दडयतलो. तसां होवचां नाय. उद्या सकाळी हेना लॅबात जावन आपलो हात पुढे करूचो, डाक्टर काय सांगात तां ऐकूचां, आणि मगेच ह्या सायकलीर बसाचां. तां हेना आज तुझ्या पायाकडे कबूल केल्यान हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाली, मी म्हणाले, नाईककाकू म्हणाल्या, गॅलरीतून आलं. दीक्षाने हात जोडले नव्हते, पण तिचे ओठ हलताना मी पाहिले. बाबा तसेच उभे होते, हात जोडलेले, ओठ मिटलेले, कानशिलं लाल झालेली. आजोबांना ऐकू येत नव्हतं, पण बाबांचं तोंड हललेलं नाही हे त्यांना दिसत होतं. त्यांनी मान वळवून थेट आपल्या मुलाकडे बघितलं आणि ओरडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"बाबू, कबूल केल्यान हा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

सोमवारी ते लॅबमध्ये गेले आणि आपल्याच हाताखाली शिकलेल्या मुलासमोर बाही वर केली. तिथून पुढे ईसीजीची पट्टी काढणं, टीएमटी, अँजिओग्राफी, एकामागून एक. एक रक्तवाहिनी जवळपास बुजलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. त्यांनी एवढंच म्हटलं आणि आई दवाखान्याच्या बाकावर मटकन बसली. स्टेंट बसला. बाबा घरी आले, त्यांना सक्तीची विश्रांती, मिरचीऐवजी पेजेत दुधी. सायकल जिन्याखाली उभी होती. चालवणारा कुणी नसला तरी बॅटरी मी वेळच्या वेळी चार्ज करत राहिले, कारण ती पूर्ण उतरू दिली तर खराब होते. आणि दुसरंही एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. लॅबने चढावरची घरं एका स्कूटरवाल्याला दिली होती. त्या घरांतून फोन येऊ लागले की मुलगा चांगला आहे, पण तो बोलत नाही हो, सावंतकाका कधी येणार.

डॉक्टरांनी सायकलीला हो म्हटलं तेव्हा मला बोलावून मोटरीबद्दल दहा प्रश्न विचारले. मग म्हणाले, सपाटीला स्वतः, चढाला मोटर, सोबत गोळी खिशात, आणि उपाशी जायचं नाही. शेवटच्या अटीवर बाबांनी वाद घातला आणि ते हरले. पहिल्या सकाळी आईने त्यांना समोर बसवून घावणे खायला लावले. ते चोरी केल्यासारखं खाऊन निघाले. गुणगुण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली आणि मग नाही.

आम्ही वाट बघत बसलो. यायची वेळ झाली. वेळ टळली. आईने मशीनवर ब्लाउज घेतला, एक शिवण घातली आणि उसवली. मी फोन लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आजोबा खिडकीत होते, ते वळून आमच्याकडे बघत नव्हते, त्यावरून मला कळलं की तेही घाबरलेत. मी चप्पल घातली. पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत जाऊन बघते म्हणाले. आई म्हणाली, "थांब, मी पण येते," आणि तिला दुसरी चप्पल सापडेना.

तेवढ्यात डब्ब असा आवाज झाला.

बाबा आत आले. घामाघूम, पण श्वास सरळ. शर्टावर पोटापाशी काळा पट्टा. "उशीर झाला," ते म्हणाले. "परतताना चेन पडली. मोटरीमुळे मागचं चाक ढिलं करता येईना, तिथेच बसून चढवत होतो. फोन वाजला, पण हात असले, उचलू कसा."

आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ते शब्द तिने पूर्वी फार वेळा ऐकले होते. मग बाबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हळूच दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे. मनगटापर्यंत काळे कुळकुळीत होते. नखांत, रेषांत, अंगठीच्या खाली, सगळीकडे वंगण.

"काय झाला?" आजोबांनी खाटेवरून विचारलं.

"चेन पडली, आजोबा!" मी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडले. "खरंच पडली!"

बाबा मोरीकडे वळले, तशी आईने त्यांचे दोन्ही हात धरले. तिचे हात काळे झाले, गाऊन काळा झाला, तिला त्याचं काही नव्हतं. ती हसत होती आणि रडत होती.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "एवढ्यात धुऊ नका."